संकुलाचा नकाशा काढण्याआधी: काळी माती, पाणी आणि पहाटे पाचची पोरं

खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला बायपासवर उभं राहून बघा. अंधारात रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पोरं-पोरी पळत असतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. शेजारून केळीचे ट्रक सुसाट जातात. त्याच गावात लाखो रुपये खर्चून उभं राहिलेलं क्रीडा संकुल असतं, आणि बऱ्याचदा त्याच्या फाटकाला त्या वेळी कुलूप असतं.

नवीन संकुलाची जागा ठरवताना, नकाशा काढताना पहिली रेघ या पोरांसाठी ओढावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जिल्हास्तरीय स्पर्धा वर्षात दहा-पंधरा दिवस होणार. बाकी साडेतीनशे दिवस कोण येणार, कुठून येणार, काय करणार, हे आधी लिहून काढलं की निम्मे वाद मिटतात. 2022 मध्ये राज्याने संकुलांच्या अनुदानाची मर्यादा चांगलीच वाढवली: तालुक्याला 1 कोटीवरून 5 कोटी, जिल्ह्याला 8 वरून 25. पैसा वाढला की तो आधी कमानीत आणि गॅलरीत जातो. जमिनीखाली काय आहे ते बघायला मात्र पाच-पन्नास हजारही कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

जागा

फुकट मिळाली म्हणून गावापासून पाच किलोमीटरवरची जागा घेऊ नये. एसटी स्टँडपासून दीड किलोमीटरच्या आतली आठ एकर जागा हायवेलगतच्या वीस एकरांपेक्षा जास्त कामाची. सातवी-आठवीतली मुलगी शाळा सुटल्यावर चालत किंवा सायकलने पोहोचली पाहिजे आणि सात वाजता घरी परतली पाहिजे. हे जमत नसेल तर बाकीचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

कागद बघताना सातबाऱ्यावर थांबू नका. भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. नदी-नाला जवळ असेल तर पूररेषा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतला. निळ्या रेषेच्या आत काहीही पक्कं बांधू नये, तिथे फार तर मोकळं मैदान. पांझरा, गिरणा, वाघूर उन्हाळ्यात कोरड्या दिसतात म्हणून त्यांच्या काठची जागा नेहमी स्वस्त आणि मोकळी सापडते. त्या मोकळ्या का राहिल्या, हे काठावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं की कळतं. गायरानाचा पर्याय पुढे आला तर गावाच्या सामाईक जमिनी दुसऱ्या कामाला देण्यावर बंधन आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल आहे, त्यामुळे ती वाट लांबची धरावी. वरून विजेची अतिदाब वाहिनी, खालून जुना पाट किंवा पाइपलाइन जाते का, तेही एकदा पायी फिरून बघावं. नकाशावर हे सगळं असेलच असं नाही.

बारा एकरांचं गणित

आठ लेनच्या 400 मीटर ट्रॅकला बाहेरून बाहेर जवळपास 177 बाय 92.5 मीटर लागतात, म्हणजे चार एकर आणि थोडं वर. लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची. पूर्व-पश्चिम ठेवली तर संध्याकाळी सरळ पट्ट्यावर पळणाऱ्याच्या किंवा गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य जातो.

बारा एकरांची चौकोनी जागा धरा. बाजू सुमारे 220 मीटर, हद्द 880 मीटर. कुंपणापासून सात मीटर आत येऊन, कोपऱ्यांना 15 मीटर त्रिज्येची गोलाई देऊन एक वाट काढली तर तिची फेरी बरोबर 800 मीटर भरते. मुलींची एक फेरी, मुलांच्या दोन. तीन मीटर रुंद, मुरमाची, वर बारीक कच, सिंथेटिक काही नाही. ही फेरी दोन जाळ्यांच्या मध्ये ठेवायची: बाहेरची हद्दीची, आतली मैदानाची. आत स्पर्धा असो, सामान असो, काम चालू असो, फेरी उघडी राहू शकते. संपूर्ण संकुलात रुपयामागे सर्वात जास्त माणसं वापरतील अशी वस्तू हीच, आणि निविदेत तिचं नावही नसतं.

फेरीच्या आत 206 मीटरचा चौकोन उरतो. ट्रॅक एका बाजूला लावला की शेजारी शंभरेक मीटर रुंदीचा पट्टा मिळतो. त्यात हॉल, खो-खोची दोन मैदानं (प्रत्येकी 27 बाय 16), कबड्डी (13 बाय 10), व्हॉलीबॉल, आखाडा, स्वच्छतागृह, पार्किंग आरामात बसतं. गोळाफेकीला मात्र वेगळा कोपरा द्या. 7.26 किलोचा गोळा दिवसात दोनशे वेळा हिरवळीवर पडला तर महिन्यात तिथे खड्ड्यांची चाळण होते. मुरमाची 25 मीटरची पडण्याची जागा आणि दोन वर्तुळं, एवढं पुरतं. नंदुरबारकडे, जिथे धनुष्यबाण घरचा आहे, तिथे तिरंदाजीची 70 मीटरची पट्टी नक्की घ्यावी. नेम उत्तरेकडे, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही, आणि लक्ष्यामागे मातीचा उंच बांध. बांधाला माती कुठून, ते पुढे येतं.

काळी माती

खान्देशातली संकुलं बिघडतात ती बहुतेक इथे. कपाशीची काळी माती पावसात फुगते, एप्रिलमध्ये आक्रसते. भेगांमध्ये सरकीच्या पऱ्हाटीची काडी घालून बघा, हातभर सहज जाते. या हलत्या जमिनीवर डांबर आणि त्यावर 13 मिलिमीटरचा सिंथेटिक थर टाकला तर खालच्या हालचालीचा नकाशा तिसऱ्या उन्हाळ्यात वर उमटतो.

चाचणी अगदी सोपी आहे. माती वाळवून, कुटून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. 100 मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत दहा-दहा ग्रॅम घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. हवेचे बुडबुडे काचेच्या काडीने काढून चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे 12 मिलिलिटर आणि पाण्यात 22 मिलिलिटर दिसली तर फुगवटा 83 टक्के. 50 च्या पुढे गेली की जमीन तापट समजावी. जागेच्या पाच-सहा ठिकाणी दोन-दोन मीटर खड्डे घेऊन वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढा. एकाच ठिकाणचा एक नमुना पाठवून आलेला अहवाल शोभेचा.

ट्रॅकखाली निदान एक मीटर काळी माती काढून न फुगणारा मुरूम भरणं, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. सोळा हजार चौरस मीटरला सोळा हजार घनमीटर, म्हणजे सुमारे 5650 ब्रास. आकडा ऐकून समिती घाबरते. पण ही काढलेली माती मुरमाड शेत असलेल्या शेतकऱ्याला हवी असते, आणि त्याच्या शेतातला मुरूम आपल्याला. तीस बाय तीस, तीन मीटर खोल, दीडास एक उताराचं शेततळं खोदलं तर दोन हजार घनमीटरच्या आसपास निघतं. खाली मुरूम लागतो अशी आठ-दहा शेततळी त्याच हंगामात खोदायला ठरवली तर भराव मिळतो, आठ-दहा शेतकऱ्यांना पाण्याची सोय होते आणि ट्रॅक्टर परतताना काळी माती नेतो. गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन तहसीलमधून आधी निपटावं, नाहीतर भर मार्चमध्ये ट्रॅक्टर अडकून पडतात. उरलेल्या मातीतून तिरंदाजीचा बांध आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या होतात. पण काळ्या मातीच्या बांधावर मुरमाची टोपी आणि हरळी हवी, नाहीतर पहिल्याच पावसात चिखल खाली उतरतो.

मुरूम लांबून आणावा लागत असेल तर चुन्याचा पर्याय आहे. वरचा 30 सेंटिमीटर थर कोरडा असताना वजनाच्या पाच टक्के चुना, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 24 किलो, पसरून रोटाव्हेटरने दोनदा आडवा-उभा फिरवायचा, पाणी देऊन दाबायचा. ढेकळं राहिली तर चुना आत जात नाही, म्हणून रोटाव्हेटरची घाई करू नये. भराव 20 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराची घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 95 टक्के भरते का ते तपासून. जानेवारी ते मे भराव, एक पावसाळा अंगावरून जाऊ देणं, मग दिवाळीनंतर खडी आणि डांबर. हा एक पावसाळा जवळपास नेहमीच कापला जातो. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असते ना.

एवढं करूनही ट्रॅकच्या कडा फाटतात. कारण आतल्या हिरवळीला पाणी देताना ते पहिल्या लेनखाली झिरपतं आणि ती कड उचलली जाते. बाहेरची कड मे महिन्यात वाळते आणि सातव्या-आठव्या लेनमध्ये लांबच लांब भेग पडते. दोन्ही कडांना मीटरभर खोल चर खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा सोडावा, आतल्या बाजूला पक्की गटार, आणि स्प्रिंकलरची फेक ट्रॅकपासून दोन मीटर अलीकडे थांबावी. बाहेरून दीड मीटरचा काँक्रीटचा पट्टा. वड-पिंपळ ट्रॅकपासून लांब. कडुनिंब, करंज दहा मीटरच्या पलीकडे, पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला दाट. मुळं पाण्याच्या मागे येतात आणि माती आणखी वाळवतात.

तालुक्याला सिंथेटिक ट्रॅक करूच नये, हे माझं मत अनेकांना आवडत नाही. आठ-दहा वर्षांनी वरचा थर पुन्हा टाकावा लागतो आणि तो खर्च उचलणारा हिशोब तालुक्याकडे नसतो. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो, मग दुपारभर तो तसाही बंद. नीट निचऱ्याचा मातीचा ट्रॅक, आडवा उतार आतल्या बाजूला एक टक्का, आणि एक इमानदार मैदान कामगार. जिल्ह्याच्या ठिकाणी सिंथेटिक, तोही दुरुस्तीचा निधी बाजूला ठेवून.

हद्दीच्या भिंतीचंही तेच. काळ्या मातीत दीड-दोन फूट पायावर विटांची भिंत बांधली की दोन-तीन पावसाळ्यांत ती वाकते. जाळी लावा, खांबांना दोन मीटर खोल पाया. इमारतीला अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली फुगा असलेले खांब, हालचालीच्या थराच्या खाली रोवलेले. जाळीचा आणखी एक फायदा: आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतं. घरचे मुलींना संध्याकाळी पाठवतात ते त्यामुळे.

पाणी

जागा दाखवायला नेलं की शेजारचा शेतकरी एकच प्रश्न विचारतो: "पानी कथाईन येई, भाऊ?" म्हणजे पाणी कुठून येणार? प्रकल्प अहवालात या प्रश्नाला 'बोअरवेल प्रस्तावित' असं दोन शब्दांचं उत्तर असतं.

फुटबॉलच्या मैदानाची हिरवळ 105 बाय 68, म्हणजे 7140 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर धरलं तरी 43 हजार लिटर, दहा हजारांचे चार टँकर, रोज. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 120 दिवसांत 50 लाख लिटरच्या वर. चाळीस बाय तीस मीटरच्या हॉलच्या छतावरून 700 मिलिमीटर पावसात पावणेसात लाख लिटरच्या आसपास मिळतात, म्हणजे पंधरवड्याची सोय. 'छतावरचं पाणी वापरून हिरवळ' असं कुणी सांगितलं तर हे गुणाकार त्याच्यासमोर करावेत.

मग करायचं काय? हिरवळ निम्मी करा, बाकी मुरूम. परदेशी गवताचं बी मागवू नका, आपली हरळी पुरते. उन्हात पिवळी पडते पण मरत नाही. जागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात, ट्रॅकपासून निदान वीस मीटरवर, अस्तराचं शेततळं. बारा एकरांवर पडलेल्या पावसातलं पाव पाणी जरी वाहून तिथे आलं तरी 85 लाख लिटर होतं, त्यामुळे तीस बाय तीसचं तळं भरण्याची चिंता नाही. चिंता उन्हाची आहे: दिवसाला आठ-नऊ मिलिमीटर उडतं, जूनपर्यंत तीनातला एक मीटर सूर्य पिऊन टाकतो. तळ्याला सहा फुटी जाळी, कुलूप आणि आत चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर, हे अस्तराच्या आधी. अस्तर शेवाळलं की आत पडलेल्या पोराला वर येता येत नाही. नगरपालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र जवळ असेल तर तिथून नळी ओढणं सगळ्यात शहाणपणाचं; बारमाही पाणी शहरात दुसरं नसतं. या पाण्याचा नळ वेगळ्या रंगाचा आणि तोटीशिवाय, म्हणजे ते कुणी पिणार नाही.

पन्नास बाय पंचवीसचा जलतरण तलाव हवा असा आग्रह प्रत्येक ठिकाणी होतो. सरासरी 1.8 मीटर खोलीला साडेबावीस लाख लिटर, वर गाळण यंत्रणा, क्लोरीन, जीवरक्षक. एप्रिलमध्ये गावाला आठवड्यातून एकदा नळ येत असताना हा तलाव चालवून दाखवा, एवढंच म्हणतो.

गॅलरी, हॉल आणि बाकी

2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जलतरण केंद्रात साडेसतरा हजार लोक बसत होते. स्पर्धा संपल्यावर दोन्ही बाजूंचे तात्पुरते पंख काढले आणि अडीच हजारांची कायमची बैठक उरली, आज तिथे परिसरातली पोरं पोहतात. बास्केटबॉलचं सभागृह तर उचलूनच नेलं. त्यांना जमलं ते आपल्याला अवघड नाही, कारण आपल्याकडे मंडपवाले आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत नदीकाठी आठ दिवसांत अख्खं गाव उभं राहतं. दोनशे माणसांची पक्की सावली, मातीच्या बांधावर हजारांची बैठक, आणि वरच्या गर्दीसाठी सपाट मोकळी जागा, जिथे वीज आणि पाण्याचे जोड आधीच काढून ठेवलेत. राज्यस्तरीय स्पर्धा आली की तिथे तीन दिवस पाइपची गॅलरी.

गॅलरीवरच्या पत्र्याची गोष्ट वेगळीच. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात; तोच वारा पुढे निघालेल्या पत्र्याखाली शिरून तो खालून उचलतो. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पट्टीत स्क्रू दुप्पट घ्यावे लागतात, ठेकेदार सगळीकडे सारखेच मारतो.

हॉलला बॅडमिंटनसाठी नऊ मीटर मोकळी उंची. पूर्व-पश्चिम भिंतींत खिडक्या नकोत. एकेरी पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी कुणी उभंही राहत नाही, त्यामुळे छताला उष्णतारोधक थर आणि कळसावर हवा बाहेर काढणारे फिरते पंखे. लाकडी तळाचा मोह आवरावा, वाळवी आणि ओल दोन्ही आपल्याकडे मुबलक. काँक्रीटवर अंथरायची मॅट पुरते. कबड्डीच्या मॅटचे एक बाय एक मीटरचे 130 तुकडे आडवे रचून ठेवायचे. उभे टेकवून पत्र्याच्या खोलीत ठेवले की वाकतात, सांधे उघडतात आणि त्या फटीत पायाचं बोट अडकून मुरगळतं. आखाड्यात काळी माती चालत नाही, गोळे होतात.

स्वच्छतागृह फाटकाजवळ, दिव्याखाली. मागच्या कोपऱ्यात बांधलेलं मुली वापरत नाहीत. फ्लडलाइटचा वीज जोड वेगळा घ्या. मंजूर भारावरचा स्थिर आकार दिवे लागोत न लागोत दर महिन्याला येतो, आणि एकाच मीटरवर असेल तर त्या थकबाकीत पाण्याचा पंपही बंद पडतो.

चालवायचं कसं

धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. बंधारा, पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कुठल्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. मैदानालाही हेच लावावं. हिरवळीचे 35 मीटरचे तीन फड पाडा. एकावर फुटबॉल, एकावर बाकीचा सराव, एक विश्रांतीला. दर पंधरा दिवसांनी पालट. गोलपोस्ट उचलता येणारे हवेत, नाहीतर पालट कागदावर राहतो. पावसानंतर टाच दाबून पाणी वर आलं तर तो फड चोवीस तास बंद, आणि हे ठरवायचा अधिकार मैदान कामगाराला, अध्यक्षांना नव्हे.

लग्न, सभा, प्रदर्शन यांना मैदान मागितलं जाणारच. नाही म्हणायची हिंमत कुठल्याच समितीत नसते, म्हणून नकाशातच त्यांची सोय करा: पार्किंगलगत फरसबंद जागा, निचरा असलेली, ट्रकला स्वतंत्र फाटक. मंडपाच्या खुंट्या, आचाऱ्याचं सांडलेलं तेल आणि जनरेटरची गाडी या तिघांनी एका रात्रीत केलेलं नुकसान हरळी एका हंगामात भरून काढत नाही.

रस्त्याच्या बाजूचे गाळे हा उत्पन्नाचा नेहमीचा मार्ग. करार अकरा महिन्यांचे, आणि भाड्यातून आधी मैदान कामगार आणि राखणदाराचा पगार, मग बाकीचं. गाळ्यांची रांग लावताना फाटक आणि हॉलची हवा झाकली जात नाही ना, तेवढं बघा.

आणि कामाचा आदेश निघण्याआधी समितीच्या ठरावात एक ओळ घालून घ्या: 800 मीटरच्या फेरीचं फाटक रोज पहाटे पावणेपाचला उघडेल, शुल्क नाही. ते फाटक बायपासच्या बाजूला नको, वस्तीच्या बाजूला.